टोइंगचं सामान आणि रोबोटिक वेल्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी १७ वर्षं वेल्डिंगच्या कामात आहे. सुरुवातीची काही वर्षं हातात गन होती, नंतर रोबोटच्या सेलवर, म्हणजे रोबोट जिथे वेल्डिंग करतो त्या बंदिस्त जागेवर, गेलो. भोसरी-चाकण पट्ट्यात ट्रॉलीचे ड्रॉबार, टो बार, कारमागचे हिच असं बरंच काही हाताखालून गेलं. वर्कशॉपचे मालक, आयटीआयची मुलं, ट्रॉली घ्यायला निघालेले शेतकरी फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

ओढायचं सामान म्हणजे नेमकं कोणकोणतं?

एक गाडी दुसरीला ओढते तेव्हा दोघींच्या मधे जे जे येतं ते सगळं. ट्रॅक्टरमागचा हुक आणि पिन, ट्रॉलीचा पुढचा त्रिकोणी सांगाडा म्हणजे ड्रॉबार, त्याच्या टोकाचा गोल आय, बंद पडलेली बस किंवा ट्रक ओढून न्यायचा टो बार, कारमागचा बॉलचा हिच, कंटेनरच्या ट्रेलरखालची किंगपिनची, म्हणजे ओढणाऱ्या ट्रकमध्ये अडकणाऱ्या खुंटीची, प्लेट. यातले आय, हुक, बॉल, किंगपिन हे बहुतेक फोर्ज केलेले, म्हणजे तापवून ठोकून घडवलेले, असतात. रोबोटचं काम असतं ते त्यांना धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावर: चॅनेल, बॉक्स पाइप, प्लेटा, गसेट म्हणजे कोपऱ्याला जोर द्यायच्या पट्ट्या.

मापं ठरलेली आहेत. ट्रेलरचा किंगपिन २ इंची किंवा साडेतीन इंची, म्हणजे ५०.८ किंवा ८८.९ मिमी. ट्रकमागच्या ट्रेलरच्या ड्रॉबारचा आय ४० किंवा ५० मिमीचा. कारमागचा बॉल युरोपात ५० मिमीचा, तर अमेरिकेत २ इंची भरपूर चालतो. निर्यातीचं काम करणाऱ्यांनी मधला हा ०.८ मिमीचा फरक डोक्यात पक्का ठेवावा. ५० मिमीच्या बॉलवर २ इंची कपलर बसल्यासारखा दिसतो, पण सैल राहतो.

घराच्या गेटचं वेल्डिंग आणि हे, यात एवढा काय फरक?

गेट जागेवर उभं असतं. ड्रॉबारला मिनिटभर उसंत नसते.

गाळप हंगामात सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्याला उभे राहा. उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली ट्रॅक्टर ओढतो तेव्हा दांड्यावर ताण येतो. उतारावर ब्रेक लागला की तीच ट्रॉली मागून ढकलते, ताणाचा दाब होतो. खड्डा आला की दांडा वर-खाली वाकतो, वळणावर आडवा पिळला जातो. कारखान्याच्या गव्हाणीपर्यंतच्या रांगेत तर दर दहा फुटांवर थांब-चाल, थांब-चाल, आणि प्रत्येक वेळी हुकाला एक झटका. यातला कुठलाच झटका दांडा मोडण्याइतका मोठा नसतो. पण लाखो वेळा बसला की वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर पडते, ती रोज थोडी पुढे सरकते, आणि एके दिवशी उरलेलं लोखंड एका दणक्यात तुटतं. याला फटीग म्हणतात, लोखंडाचं थकणं.

सुटलेल्या ट्रॉलीला ब्रेक मारायला कुणी नसतं. तिच्यामागे दुचाकीवरचं कुटुंब असू शकतं, शाळेतून सुटलेली पोरं असू शकतात. म्हणून या वेल्डिंगला मी वेगळं मानतो आणि तुम्हीही मानावं अशी कळकळीची विनंती आहे.

जास्त मजबूत, महागडं स्टील वापरलं तर चिरा पडायच्या थांबतील का?

थांबत नाहीत, आणि हे भल्याभल्यांना पटत नाही. आयएस २०६२ या भारतीय मानकातलं ई २५० ग्रेडचं स्टील सोडून जास्त मजबूत ई ३५० घेतलं तर दांडा वाकायला जास्त जोर लागेल, हे खरं. पण वेल्ड केलेल्या सांध्याचं थकण्याविरुद्धचं आयुष्य स्टीलच्या ग्रेडवर जवळजवळ अवलंबून नसतं. ते ठरतं वेल्डच्या कडेच्या आकारावर आणि तिथे येणाऱ्या ताणाच्या चढ-उतारावर. हिशोब साधारण घनाचा आहे: चढ-उतार निम्मा केला तर आयुष्य आठपट, १० टक्क्यांनी कमी केला तरी साधारण एक तृतीयांशाने वाढतं. उलट, चांगलं स्टील आलं म्हणून प्लेट पातळ केली की ताण वाढतो आणि दांडा आधीपेक्षा लवकर तडकतो. वजन कमी करायच्या नादात ही चूक सर्रास होते.

रोबोट यात नेमकं काय करतो?

सहा सांध्यांचा हात, त्याच्या टोकाला मिग वेल्डिंगची (वायर आणि गॅसवर चालणारी) गन, मागून वायर पुरवणारा फीडर, आणि समोर जॉब फिरवणारा पोझिशनर. टीच पेंडंट हातात घेऊन ऑपरेटर एकेक बिंदू शिकवतो: इथून आर्क सुरू कर, या वेगाने जा, इथे गन अशी कलती धर, इथे थांब आणि खड्डा भर. मग तोच मार्ग तो दिवसभर दशांश मिलिमीटरच्याही आतल्या फरकाने गिरवतो. पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, १९६१ साली न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला, तेव्हा तो डाय कास्टिंगचे तापलेले नग उचलायचा. वेल्डिंग त्याच्याकडे नंतर आलं.

माझ्या मते सेलमधली सगळ्यात मोलाची वस्तू पोझिशनर आहे. जॉब फिरवून प्रत्येक सांधा आडवा, पाण्याच्या पातळीत आणला की धातू नीट बसतो. खालून वर किंवा डोक्यावर वेल्डिंग मारायची वेळच येत नाही.

रोबोटचं वेल्ड माणसाच्या वेल्डपेक्षा मजबूत असतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर देण्याआधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

मी एका कारखान्यात ड्रॉबारच्या सेलवर होतो. सकाळच्या पाळीचे नग बघून सगळे खूश. नाण्यांची चळत आडवी करून ठेवावी तसे एकसारखे थर, स्पॅटरचं, म्हणजे उडालेल्या धातूच्या थेंबांचं, नाव नाही. नियमाप्रमाणे एक नग कापायला गेला. बँडसॉवर सांध्याचा आडवा छेद घेतला, पॉलिश पेपरवर ८० नंबरपासून ६०० पर्यंत घासून आरशासारखा केला, आणि त्यावर कापसाच्या बोळ्याने नायटल, म्हणजे अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड, फिरवलं. आठ-दहा सेकंदांत करड्या लोखंडात वेल्डचा भाग वेगळा उमटला. तो सगळा उभ्या प्लेटवर चढला होता. खालच्या प्लेटच्या कोपऱ्यात एक बारीक काळी रेघ तशीच शाबूत होती. म्हणजे तिथे लोखंड वितळलंच नव्हतं, वेल्ड नुसतं टेकलं होतं.

शोधल्यावर कळलं की रात्री टिप, म्हणजे गनच्या टोकाची वायर बाहेर सोडणारी नळी, बदलताना गनची मान कशाला तरी धडकली होती आणि वायरचं टोक २ मिमी सरकलं होतं. रोबोटला त्याचा पत्ता नव्हता. त्याने तीच चूक, तितक्याच सुबकपणे, पाळीतल्या प्रत्येक नगावर केली. आम्ही सगळा लॉट बाजूला काढला. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तो नग कापला नसता तर बाहेरून ओळखणं कुणाच्याच बापाला शक्य नव्हतं.

तर उत्तर असं: रोबोट चांगलं वेल्ड करत नाही, एकसारखं वेल्ड करतो. सेटिंग बरोबर असेल तर हजारावा नग पहिल्यासारखाच येतो, आणि कितीही हुशार वेल्डरला चौथ्या तासानंतर ते जमत नाही. सेटिंग चुकलं तर हजार नग सारखेच चुकतात. म्हणून पाळी सुरू होताना आणि प्रत्येक टिप बदलल्यावर किंवा धडक बसल्यावर वायरचं टोक ठरलेल्या टोकदार खुणेवर आणून तपासायचं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्याला कुणी वगळलं तर मी सेल चालू करू देत नाही.

मग फायदा कुठे आहे? नुसता वेग?

वेगाचा हिशोब करून बघू. समजा एका ड्रॉबारवर ६ मिमीचं फिलेट वेल्ड, म्हणजे दोन प्लेटांच्या कोपऱ्यातलं त्रिकोणी वेल्ड, एकूण ४ मीटर आहे. १.२ मिमीची वायर मिनिटाला ८ मीटर सोडली तर रन, म्हणजे वेल्डची रेघ, साधारण मिनिटाला ४४ सेंमी पुढे सरकतो, म्हणजे आर्क चालू राहण्याचा वेळ ९ मिनिटं. हा वेळ माणसाला आणि रोबोटला जवळपास सारखाच. फरक मधल्या वेळेचा आहे. हाताने काम करताना जॉब उलटा, क्लॅम्प हलवा, काच पुसा, पाणी प्या, यात आर्क प्रत्यक्ष जळतो तो एकूण वेळेच्या चौथा हिस्सा धरा. म्हणजे एका नगाला ३६ मिनिटं. रोबोटवर आर्क ७० टक्के वेळ जळतो असं धरलं तर १३ मिनिटं. दोन बाजूंचं टेबल असेल तर एका बाजूला वेल्डिंग चालू असताना दुसऱ्या बाजूला माणूस पुढचा जॉब भरतो.

दुसरा फायदा कमी दिसतो पण तितकाच खरा आहे: रोबोट सांगितलं तेवढंच धातू घालतो. वेल्डरला ६ मिमी सांगितलं तर तो मायेपोटी ८ मारतो, जास्त म्हणजे चांगलं असं वाटून. फिलेटचं क्षेत्रफळ मापाच्या वर्गाने वाढतं. ६ चं ८ झालं की धातू ७८ टक्के जास्त लागतो, वायर जाते, गॅस जातो, आणि जास्तीच्या उष्णतेने दांडा केळ्यासारखा वाकतो तो वेगळाच.

आमच्याकडे टॅक (तात्पुरते छोटे जोड) मारल्यावर २-३ मिमी गॅप राहतो. रोबोट सांभाळून घेईल का?

नाही. रोबोट घ्यायच्या आधी हा प्रश्न विचारलात, हे फार बरं झालं.

हातात गन असलेला वेल्डर गॅप दिसला की थांबतो, हात हलवतो, वेग कमी करतो, भरून काढतो. हे तो नकळत करतो. साधा प्रोग्रॅम चालवणाऱ्या रोबोटला तो गॅप दिसत नाही. ठोकताळा असा की सांधा वायरच्या निम्म्या जाडीपेक्षा जास्त इकडे-तिकडे होता कामा नये. १.२ च्या वायरला म्हणजे ०.६ मिमी. गॅस कटरने हाताने कापलेल्या प्लेटा आणि कटऑफ व्हीलवर कापलेले पाइप या मापात बसत नाहीत. म्हणून माझा सल्ला ठरलेला असतो: आधी कटिंग सुधारा. सीएनसी प्लाझ्मा किंवा लेझर बाहेरून करून घ्या, प्लेटांना एकमेकींत बसणारे खाचे आणि दाते द्या, प्रेस ब्रेकवरचा, म्हणजे प्लेट वाकवायच्या यंत्रावरचा, कोन तपासा. मग फिक्स्चर, म्हणजे नग जागेवर पकडून ठेवायचा साचा. रोबोटला पैसे सगळ्यात शेवटी.

सेन्सर असतात, आणि ते कामाचे आहेत. एकात रोबोट वायरचं टोक जॉबला टेकवून जागा शोधतो, मग सगळा मार्ग तेवढा सरकवतो. दुसऱ्यात वेल्डिंग चालू असताना गन डावी-उजवी हलते आणि करंटच्या चढ-उतारावरून सांध्याचा मध्य ओळखला जातो. तिसरा लेझरचा, तो गॅपही मोजतो. पण हे सगळे सांधा कुठे आहे ते सांगतात. प्लेट वाकडी कापली असेल तर ती सरळ करून देत नाहीत.

फिक्स्चर करताना काय विसरलं जातं?

गनला शिरायला जागा. क्लॅम्प इतके दाटीवाटीने लावतात की शेवटचे ३० मिमी गन पोचतच नाही, आणि मग ते हाताने भरावं लागतं. ड्रॉबारवर ते ३० मिमी नेमके कोपऱ्यातले, सगळ्यात जास्त ताणाचे असतात.

दुसरं, आकसणं. वेल्ड गार होताना ओढून घेतं. त्रिकोणी ड्रॉबारचे दोन्ही दांडे एकाच बाजूने पूर्ण मारले तर आयचं तोंड एकीकडे वळतं. डावं थोडं, उजवं थोडं असा क्रम लावावा लागतो, आणि तरी उरेल तेवढं फिक्स्चरमध्ये उलट दिशेने आधीच द्यावं लागतं. हा आकडा कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. पाच-सहा नग करून, गार झाल्यावर मोजून काढावा लागतो.

आणि बॉक्स पाइप चारही बाजूंनी बंद करताय तर एक छोटं भोक ठेवा. आतली हवा तापून फुगते आणि शेवटचा सांधा बंद होताना तिथूनच वितळलेला धातू फोडून बाहेर येते. त्या ठिकाणचा ब्लो होल कितीही सेटिंग बदललं तरी जात नाही, कारण दोष सेटिंगचा नसतोच. पुढे नग गॅल्व्हनाइझिंगला जाणार असेल तर ही भोकं सक्तीचीच, नाहीतर तापलेल्या जस्तात बंद पाइप फुटू शकतो.

वायर आणि गॅस कोणता?

साध्या स्टीलला तांब्याचा मुलामा असलेली ईआर ७०एस-६ वायर, १.२ मिमी. रोबोटला १५ किलोच्या रिळापेक्षा २५० किलोचा ड्रम बरा, रीळ बदलायला सेल थांबत नाही. गॅस ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइड. नुसत्या सीओटूवर काम होतं, स्वस्तही पडतं, पण स्पॅटर वाढतो, तो नोझलमध्ये साचतो, गॅसचा प्रवाह बिघडतो आणि रोबोटला ते कळत नाही. नोझल आपोआप साफ करणारं यंत्र सेलमध्ये ठेवाच.

पुढचा गोल आय वेल्ड करताना कधीकधी दोन दिवसांनी चीर दिसते. का?

आय बहुधा सी ४५ किंवा ईएन ८ सारख्या स्टीलचा असतो, ज्यात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास. सांगाड्याच्या स्टीलमध्ये त्याच्या निम्मा. जाड, थंड आयवर वेल्ड पडलं की वेल्डशेजारचं लोखंड झटकन गार होऊन काचेसारखं कडक होतं. त्यात ओलावा, तेल, गंज यांतून हायड्रोजन शिरला की चीर लगेच दिसत नाही, तासन्‌तास उलटल्यावर उघडते. म्हणून अशा सांध्याची तपासणी ४८ तासांनी करायची पद्धत आहे.

उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. आय स्वच्छ करा, १५० ते २५० अंशांपर्यंत तापवा, तापमान ठरलेल्या अंशाला वितळणाऱ्या खडूने किंवा मीटरने बघा, अंदाजाने नको. वेल्ड झाल्यावर वारा लागू न देता ब्लँकेटखाली सावकाश गार होऊ द्या. नेमका आकडा स्टीलच्या सर्टिफिकेटवरच्या रसायनावरून आणि जाडीवरून काढावा. रोबोटच्या सायकलमध्ये हे बसत नाही म्हणून प्रीहीट वगळलेले मी पाहिले आहेत. त्यापेक्षा आय बोल्टने बसवायचं डिझाइन घ्या. ते जास्त प्रामाणिक आहे, आणि झिजला तर बदलताही येतो.

रन कुठे सुरू करावा, कुठे संपवावा?

कोपऱ्यावर कधीच नाही. सुरुवातीला लोखंड थंड असतं, नीट शिरत नाही. शेवटाला खड्डा राहतो, त्यात बारीक तारेसारखी चीर असू शकते. म्हणून गसेटच्या टोकाला रन थांबवू नका, वळसा घालून पुढे न्या आणि कमी ताणाच्या सरळ भागावर संपवा. हाताने वेल्डिंग करताना असा वळसा घ्यायला मनगट अवघडतं. रोबोट आणि पोझिशनर एकत्र फिरतात तेव्हा तो सहज जमतो. मला रोबोटची सगळ्यात जास्त किंमत वाटते ती इथे.

डी-व्हॅल्यू म्हणजे काय?

कपलिंगवर किती किलोन्यूटनचा आडवा जोर धरायचा त्याचा आकडा. संयुक्त राष्ट्रांच्या रेग्युलेशन ५५ मध्ये त्याचं सूत्र आहे: ओढणाऱ्या गाडीचं वजन गुणिले ओढल्या जाणाऱ्या गाडीचं वजन, भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले ९.८१. वजनं टनात. अडीच टनांची पिकअप आणि दीड टनाचा ट्रेलर असेल तर २.५ × १.५ ÷ ४ × ९.८१, म्हणजे साधारण ९.२ किलोन्यूटन. कपलिंगच्या चकतीवर डी सोबत एस हाही आकडा असतो, तो बॉलवर उभ्याने येणाऱ्या वजनाचा.

या नियमाखालच्या चाचणीत नमुना यंत्रावर बांधून २० लाख वेळा पुढे-मागे ओढतात, आणि शेवटी त्यावर चीर दिसता कामा नये. माझ्या अनुभवात अशा चाचणीत फुटलेला नग वेल्डच्या मधे क्वचितच फुटतो. तो फुटतो वेल्डच्या कडेला, अंडरकटपाशी, म्हणजे कडेला प्लेट खाल्ली गेलेल्या खोबणीपाशी. म्हणून मी आमच्या पोरांना सांगतो, रन बघू नका, रनची कड बघा. बोटाचं नख फिरवा, अडकलं तर तिथे अंडरकट आहे.

तपासणी किती करायची?

डोळ्याने प्रत्येक नग. गेजने फिलेटचं माप, ठरलेल्या अंतराने. डाय पेनिट्रंट, म्हणजे लाल रंग मारून, पुसून, पांढऱ्या पावडरीवर चिरेची लाल रेघ उमटते का ते बघणं, हे नाजूक सांध्यांवर. चुंबकीय कणांची तपासणी असेल तर आणखी चांगलं. दोष किती चालतील हे आयएसओ ५८१७ मध्ये बी, सी, डी अशा तीन पातळ्यांत दिलंय. बी सगळ्यात कडक. आणि पाळीला, निदान लॉटला, एक नग कापून नायटल लावायचाच. चांगला नग कापताना मालकाच्या जिवावर येतं, मला कळतं. पण वर सांगितलेली काळी रेघ दुसऱ्या कुठल्याच स्वस्त उपायाने दिसली नसती.

वेल्डवरचाच रंग आधी का निघतो?

रनवर तपकिरी, काचेसारखे छोटे ठिपके असतात ना, ते सिलिकॉनचे. वायरमधलं सिलिकॉन मळ बाहेर काढतं आणि वर येऊन गोठतं. त्यावर रंग बसलेला दिसतो, पण ठिपका सुटला की रंगासकट निघतो आणि गंज थेट वेल्डच्या कडेला लागतो. पावडर कोटिंगच्या आधी वायर ब्रश किंवा शॉट ब्लास्टिंग करा.

आमचं छोटं वर्कशॉप आहे. महिन्याला ३०-४० ट्रॉल्या. रोबोट घ्यावा का?

नगांच्या संख्येपेक्षा नग एकसारखे आहेत का ते आधी बघा. प्रत्येक गिऱ्हाईक दांड्याची लांबी वेगळी मागत असेल तर प्रोग्रॅम आणि फिक्स्चर बदलण्यातच दिवस जाईल. ड्रॉबार एकाच मापाचा ठरवू शकत असाल तर कुंपण कमी लागणारा, हाताने धरून शिकवता येणारा कोबॉट बघायला हरकत नाही. पण आर्कचा प्रकाश, धूर आणि तापलेली गन कोबॉटलाही असतेच, त्यामुळे पडदे आणि धुराची नळी लागतेच. फॅनक, यास्कावा, कूका, पॅनासोनिक, एबीबी यांतलं कोणतं, हा प्रश्न त्यामानाने छोटा आहे. बिघाड झाल्यावर सर्व्हिसवाला किती तासांत दारात येतो, हे विचारा. आणि घेण्याआधी स्वतःचे पाच जॉब, स्वतःच्या प्लेटा घेऊन डेमोला जा. त्यांच्या लेझर कट प्लेटांवरचा डेमो बघून सही करू नका.

रोबोट आला की वेल्डरला काढणार का?

मी स्वतः वेल्डर होतो, म्हणून हे मनापासून सांगतो: रोबोटवर सगळ्यात चांगला माणूस वेल्डरच होतो. पेंडंटची बटणं पंधरा दिवसांत येतात. आर्कचा आवाज ऐकून करंट जास्त झाला हे ओळखायला वर्षं लागतात. तव्यावर अंडं तळताना होते तशी एकसारखी चरचर हवी. फटफट ऐकू आली की वायर टिपमध्ये अडकतेय किंवा अर्थिंग ढिली आहे. संगणक शिकलेला पण कधी गन न धरलेला मुलगा सेलवर बसवला की दोष दिसतो पण कारण सुचत नाही. मालकांनी जुन्या वेल्डरला पाठवून प्रशिक्षण द्यावं आणि पगार वाढवावा. ऑपरेटरची रीतसर पात्रता हवी असेल तर आयएसओ १४७३२ आहे. हाताने वेल्डिंगची ९६०६ वेगळी. आणि टॅक, आय, दुरुस्ती ही कामं हाताचीच राहतात.

सेलमध्ये धोका कुठला?

रोबोट उभा आहे म्हणजे बंद आहे असं समजणं. तो कदाचित सिग्नलची वाट बघत असतो. १९७९ साली मिशिगनमधल्या एका कास्टिंग कारखान्यात सामान काढायला रॅकवर चढलेल्या कामगाराचा रोबोटच्या हाताच्या धडकेने मृत्यू झाला. दाराचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडताच रोबोट थांबवणारा स्विच, कुणी तारेने बांधून ठेवला असेल तर तिथल्या तिथे काम थांबवा. टीच मोडमध्ये वेग सेकंदाला २५० मिमीच्या आत राहतो आणि पेंडंटचं बटण सोडलं किंवा घाबरून आवळलं तरी हात थांबतो, तो याचसाठी. धुराचंही हलक्यात घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं.

हंगामात दांडा तडकला. शेतातच पट्टी लावून वेल्डिंग मारू का?

हुक, आय, पिन, किंगपिन यांना अजिबात नाही. ते उष्णतेची प्रक्रिया दिलेले असतात. वेल्डने ती जागा एकीकडे मऊ, एकीकडे ठिसूळ होते. ते बदलायचेच. सांगाड्याच्या चिरेवर वरून नुसता रन मारला तर खाली चीर तशीच राहते आणि आठवड्यात वर येते. चिरेच्या दोन्ही टोकांच्या जरा पुढे भोक पाडा, ग्राइंडरने चीर पूर्ण उकरून काढा, मग कोरड्या ई ७०१८ रॉडने भरा. पट्टी लावायची तर तिची टोकं आडवी कापू नका, निमुळती ठेवा, आणि टोकावर आडवा रन मारू नका. आणि हे रिकाम्या ट्रॉलीवर, वर्कशॉपमध्ये. ऊस भरलेला असताना जॅकवर नाही.

ट्रॉली किंवा टो बार विकत घेताना वेल्डिंग कसं पारखू?

रंगवण्याआधीचा सांगाडा दाखवा म्हणा. नकार आला तर दुसरं दुकान बघा. दाखवला तर आयच्या मागचा सांधा, गसेटची टोकं आणि दांडे जिथे ट्रॉलीच्या चेसिसला मिळतात तो कोपरा, एवढ्या तीन जागा बॅटरीच्या उजेडात बघा. रन कोपऱ्यावरून वळलाय की कोपऱ्यावरच थांबलाय? कडेला नख अडकतं का? शेवटाला खड्डा आहे का? वेल्ड ग्राइंडरने घासून गुळगुळीत केलं असेल तर कशासाठी घासलं ते विचारा. मग विचारा, शेवटचा नग कापून कधी पाहिला होता. जो खरंच कापतो तो आत जाऊन तो तुकडा घेऊन येतो. गंजू नये म्हणून वर ग्रीस लावून, तारीख लिहून ठेवलेला असतो.